मामाचा नवस आणि झुकलेलं छप्पर

माझ्या मामानं हिमालयातल्या एका देवळाला गोठा म्हटलं, तिथून हे सुरू झालं. मद्रासला, मैलापूरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये, जेवण झाल्यावर, तो मोबाईलवरचे यात्रेचे फोटो दाखवत होता. एका फोटोत एक थर दगडाचा, एक थर लाकडाचा अशी चढत गेलेली भिंत होती, वर काळ्या दगडी पाट्यांचं उतरतं छप्पर आणि दारावर कोरीव काम.

"गोपुर नाही, कांहीं नाही," मामा म्हणाला. "आंत काळोख. अगदी गोठा. पण देव जागता आहे, मा."

मामा असंच बोलतो. आमची माणसं तंजावरची. कित्येक पिढ्यांपूर्वीची मराठी आम्ही तमिळच्या फडताळात ठेवून जपली आहे, त्यामुळे तिला तिथला वास लागला आहे. मी पुण्यात तीन वर्षं शिकून आले तेव्हा नातेवाईक म्हणाले, पोरीची मराठी सरळ झाली. वाकडी कधी होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मामा सरकारी खात्यातला निवृत्त इंजिनिअर. आयुष्यभर पूल आणि मोऱ्या बांधल्या. आमच्या लोकांचं एक यात्रामंडळ आहे. शनिवारी मैलापूरच्या एका हॉलमध्ये भजन, आणि उन्हाळ्यात डोंगर. मागच्या उन्हाळ्यात हे मंडळ कुल्लूच्या बाजूच्या एका खोऱ्यात गेलं असताना मामाला दम लागला, छाती भरून आली. दरड कोसळून रस्ता बंद होता. गावकऱ्यांनी त्याला देवळाच्या लाकडी पडवीत निजवलं, दोन रजया घातल्या, तीन दिवस गरम दूध पाजलं. देवळाचा कारभार बघणाऱ्याला तिकडे कारदार म्हणतात, तो स्वतः उशाशी बसून होता. उठून बसता आल्यावर मामानं सगळ्या गावासमोर देवाला हात जोडले आणि नवस बोलला: तुझें देऊळ नीट बांधून देईन.

नीट म्हणजे काय, हे मामाच्या मनात पक्कं होतं. काँक्रीटचे खांब, सपाट स्लॅब, पुढे तीन मजली रंगीत गोपुर. आराखडा त्यानं स्वतः काढला आणि कारदाराला पाठवला. मंडळ हिरिरीनं मागे उभं राहिलं. जुनं पाडायचं, नवं चढवायचं.

मी चिडले. तेव्हा मी एका छोट्या गटात काम करत होते, अजूनही करते. नुंगंबाक्कमला एका खानावळीच्या वर आमची खोली आहे. तिथून आम्ही कारखान्यांतून एन्नोरच्या खाडीत सोडल्या जाणाऱ्या राखेविरुद्ध पत्रकं काढतो. मासेमारांच्या वस्तीत वाटतो, बसथांब्यावर वाटतो, कचेऱ्यांच्या दारात उभं राहून नको म्हणणाऱ्यांच्या हातात कोंबतो. पत्रक लिहायला मी तिथे शिकले. एक फोटो, एक आरोपी, एक मागणी. "कदाचित" हा शब्द आमच्याकडे कापला जातो. या शिस्तीत वाढलेल्या माणसाला घरचाच आरोपी मिळाला तर तो थांबत नाही.

दोन आठवडे मी वाचनालयात बसले. जे वाचलं त्यानं आणखी चिडले, कारण शाळेत आम्हाला देवळांच्या दोन शैली घोकायला लावल्या होत्या, उत्तरेची आणि दक्षिणेची, आणि दोन्ही सपाटीवरच्या. डोंगरातल्या माणसांनी काय केलं हे जणू कुणाच्या खिजगणतीतच नाही. काश्मिरात दगडी देवळांना उतरती टोकदार छपरं आणि दारांवर तीन पाकळ्यांच्या कमानी. कुमाऊँ-गढवालात शिखर दगडाचं, पण त्याच्या डोक्यावर लाकडाची छत्री, बर्फ-पावसानं सांधे भिजू नयेत म्हणून. कुल्लूकडे देवदाराची, एकावर एक चढत जाणारी छपरं. आणि आपल्या मलबारात, घाटाच्या पावसात, पुन्हा उतरतंच छप्पर. जिथे आभाळातून काही तरी सतत पडत असतं तिथे माणसानं छप्पर आधी बांधलं आणि शिखराचा विचार नंतर केला, किंवा केलाच नाही. यात गोठा कुठे आला? गोपुराच्या सावलीत जन्मलेल्या माणसाला गोपुर नसलेली प्रत्येक गोष्ट अपुरी वाटते, एवढंच.

पत्रक मी तमिळ आणि मराठीत काढलं. वर मामाच्याच मोबाईलमधून घेतलेला देवळाचा फोटो. मजकुरातला एक परिच्छेद मला तेव्हा फार आवडला होता. त्यात मी लिहिलं होतं की या छपराची कडा मध्यभागी मंद झुकते आणि टोकांना उचलते, हा बाक हेच या शैलीचं वैभव आहे, सरळ रेषेच्या गुलामांना तो दिसणार नाही. शेवटी मागणी: या देवळाच्या एका पाटीलाही हात लावू नका.

शनिवारी भजनाच्या आधी हॉलच्या दारात उभी राहून मी पत्रकं वाटली. नाव कुणाचंच नव्हतं, पण "निवृत्त अभियंत्याचा अहंकार" असं लिहिलं होतं, आणि त्या हॉलमध्ये निवृत्त अभियंता एकच होता. मामानं चष्मा लावून पूर्ण वाचलं. घडी केली. खिशात ठेवली. मग पेटीवाल्याला म्हणाला, "सुरू कर."

मामी निघताना माझ्याजवळ थांबली. "लहानपणीं तुज गोवर आला तेव्हां आठ दिवस यांच्या मांडीवर होतीस," ती म्हणाली. "तेंही छाप."

पुढच्या शनिवारी मंडळानं ठराव केला. मला तो दुसऱ्याकडून कळला. पोरगी म्हणते हात लावूं नका, सरी, ठीक, नाही लावत. गोपुर रद्द, सगळंच रद्द, कारदाराला तसं कळवून टाका. आमच्या खोलीवर मी ही बातमी सांगितली तेव्हा टाळ्या पडल्या. एन्नोरची राख इतक्या वर्षांत हटली नव्हती, आणि इथे एका पत्रकात काम झालं होतं. मामा माझ्याशी बोलायचा बंद झाला होता. ते मी लढाईच्या खर्चात धरलं.

खाली खानावळीत राजमा-चावल रांधणारा स्वयंपाकी पहाडातला. आम्ही त्याला भैया म्हणायचो, तो मला दीदी म्हणायचा, वयानं मोठा असूनही. बोलणं हिंदीत चालायचं. उरलेली पत्रकं मी त्याच्या गल्ल्याजवळ ठेवली होती. एका दुपारी गिऱ्हाईक कमी असताना त्यानं एक उचललं. तमिळ त्याला वाचता येत नव्हतं, मराठी वाचायच्या भानगडीत तो पडला नाही. फोटो मात्र बराच वेळ धरून बसला.

"हे आमच्या शेजारच्या खोऱ्यातलं," तो म्हणाला. "आजोबा असली देवळं बांधायचे. मिस्त्री होते. दीदी, हे कधी पडलं?"

"पडलं नाही. आम्ही वाचवलं."

"वाचवलं?" त्यानं पिठाचं बोट फोटोतल्या छपराच्या कडेवर ठेवलं. "ही बघा. खालची तुळई कुजलीय. मधोमध बसलीय. या बर्फात जाईल."

मी त्याला सांगितलं की तो बाक आहे, तशी शैलीच आहे. हे मी खरोखर बोलले.

तो हसला नाही, हसला असता तर बरं झालं असतं. "शैली कसली? पाटीचं छप्पर सुताला धरून सरळ असतं. वाकलं की पाट्यांमध्ये फट पडते, पाणी शिरतं, तुळई आणखी कुजते. तुमच्याकडे दात किडला तर काय म्हणतात, शैली?"

मग त्यानं मला ते देऊळ वाचायला शिकवलं, ताटल्या पुसता पुसता. दगडाच्या थरावर देवदाराच्या दोन तुळया, त्यावर पुन्हा दगड, कोपऱ्यात तुळया एकमेकींत अडकवून लाकडी खुंट्या मारलेल्या. चुना नाही, सिमेंट नाही, लोखंडी खिळा नाही. जमीन हलली की सगळं थोडं थोडं हलतं आणि पुन्हा बसतं. आणि हे उभं राहतं ते कुणी हात न लावल्यामुळे नव्हे. कुजलं ते काढायचं, नवं घालायचं. त्याच्या आजोबांनी एका देवळाची एक अख्खी बाजू बदलली होती आणि गावात कुणी म्हणालं नाही की देऊळ नवं झालं. माझ्या पत्रकात "शतकानुशतकं जसंच्या तसं" असं चार ठिकाणी होतं.

"मग गावकरी बदलत का नाहीत?" मी विचारलं.

ते त्यालाही माहीत नव्हतं. त्यानं घरी फोन केला, तिथून कारदाराचा नंबर मिळाला, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक यायच्या आत आम्ही कारदाराशी बोललो. आवाज म्हातारा, सौम्य. नवी तुळई कधीचीच तासून अंगणात ताडपत्रीखाली ठेवली आहे, तो म्हणाला. पण मद्रासचे साहेब देवासमोर नवस बोलून गेले. देवळाच्या बांधकामाचा नवस बोलला गेला की तो बोलणाऱ्यानं किंवा त्याच्या घरच्या कुणी आधी हात लावल्याशिवाय, किंवा देवानं त्याला मोकळं केल्याशिवाय, गावातल्या कुणालाही त्या कामाला हात लावता येत नाही. त्यांच्या गावची रीत.

"त्यांनी गोपुराचं चित्र पाठवलं," कारदार म्हणाला. "देवाला दाखवलं. देव गप्प. पाहुण्याला नाही म्हणायचं कसं, म्हणून आम्हीही गप्प. आता निरोप आलाय, काहीच करणार नाही. पण नवस तर तसाच आहे. डोंगराच्या वरच्या धारेवर बर्फ दिसायला लागलंय."

 फोन ठेवल्यावर भैयानं कांदे चिरायला घेतले.

मी गटाच्या प्रमुखाला सांगितलं की चूक दुरुस्त करणारं पत्रक काढायला हवं. तो म्हणाला, "आपण दुरुस्ती छापत नाही. एकदा छापली की एन्नोरचे कारखानेवाले प्रत्येक आकड्याला दुरुस्ती मागतील." त्याचं त्याच्या जागी बरोबर असेल. मी बसनं मैलापूरला गेले.

दार मामीनं उघडलं. मामा आरामखुर्चीत होता, पेपर समोर धरलेला. मी उभ्यानंच सांगितलं. छप्पर झुकलंय, ती शैली नाही, कूज आहे. मी चुकले. आणि तुझा नवस त्या छपरावर कुलूप होऊन बसलाय, म्हणजे तूही चुकलास.

"माफी मागायला आली आहेस कीं भांडायला?" मामी म्हणाली.

"दोन्ही."

मामानं पेपर खाली घेतला. "फोटो दाखव."

त्यानं फोटो मोठा केला, पट्टी मागवली, पडद्यावर धरली. पट्टीखाली कडा स्पष्ट वाकलेली दिसत होती. मला वाटतं, माझ्यावरच्या रागापेक्षा तो बाक त्याला जास्त लागला. त्या छपराखाली तो तीन दिवस निजला होता आणि इंजिनिअर असून त्याला ते दिसलं नव्हतं.

"गोठा म्हणून बघितलें," तो म्हणाला. "गोठ्याचें काय बघायचें?"

दुसऱ्या दिवशी भैया दुपारची सुट्टी घेऊन मैलापूरला आला. मामीनं त्याला फिल्टर कॉफी दिली. ती त्यानं औषधासारखी प्यायली आणि छान आहे म्हणाला. मामानं त्याला तासभर पिडलं. जोडाला काय वापरतात? खुंटी. सिमेंट? नाही. मग भूकंपात तडा कुठें जातो? भैया म्हणाला, "जात नाही साहेब. घट्ट धरलेल्याला तडा जातो. हे मोकळं बसलंय." मामानं हे मामीला मराठीत सांगितलं, मग मला, मग पुन्हा स्वतःलाच तमिळमध्ये.

मग कारदाराला फोन लावला. मामाची हिंदी दूरदर्शनवर शिकलेली. तो म्हणाला की मला गोपुर नको, देवाला विचारा मी काय करूं. कारदार म्हणाला, उद्या विचारून सांगतो. तिकडे देव एका माणसाच्या तोंडून बोलतो. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही आणि हे मी मामाला तेव्हाही सांगितलं. तो म्हणाला, "तुज कोणी विचारलें नाही."

उत्तर आलं. देव म्हणाला, गोपुर मागितलं नव्हतं. ज्यानं शब्द दिला त्यानं येऊन जुन्या छपरावरची पहिली पाटी उतरवावी आणि मोकळं व्हावं. बाकीचं गाव बघेल.

मामा लगेच पिशवी काढायला उठला. मामीनं डॉक्टरला फोन लावून त्याच्या कानाला धरला. इतक्या उंचीवर पुन्हा गेलात तर परत आणायची तयारी ठेवा, डॉक्टर म्हणाला. मामीला गुडघ्यांमुळे चढण जमत नाही, मामाची मुलगी परदेशात, बाळंतपणाला टेकलेली. मंडळातल्या इतर कुणाला पाठवलं तर चालत नाही, घरचंच माणूस हवं. मामा म्हणाला, संपलें मग. आमच्यात बहिणीची मुलगी घरची धरत नाहीत, तिचं गोत्र वेगळं. हे तो मला समोर बसवून म्हणाला, हिशेब सांगितल्यासारखं.

भैया दारात चपला घालत होता. "भाची आहे ना?" तो म्हणाला. "आमच्याकडे भाचीचे पाय धरतात. मुलगा एकवेळ नाही चालला तरी भाची चालते."

मामानं तरी कारदाराला विचारून घेतलं. कारदार म्हणाला, भाची असेल तर उत्तमच. मामानं फोन ठेवला. मग म्हणाला, "पत्रकें नेऊं नकोस तिकडे."

मी गेले. भैयाला दिवाळीची रजा होती, तो बरोबर होता. दोन दिवस रेल्वे, एक रात्र बस, मग जीप, मग चढण. देऊळ फोटोपेक्षा लहान होतं. दगडाचे थर राखाडी, देवदाराचे थर उन्हात काळे-तांबूस पडलेले, आणि कोपऱ्यातल्या तुळया एकमेकींत हातांची बोटं अडकवावीत तशा अडकलेल्या. झुकलेली कडा प्रत्यक्षात इतकी उघड होती की ती वैभव म्हणून लिहिणाऱ्या माणसाला खाली उभं राहून शरम वाटली. मी वाटू दिली.

ओंडक्यात पायऱ्या खोदून केलेली शिडी लावली होती. कारदारानं माझ्या कपाळाला टिळा लावला, गावातली माणसं अंगणात आणि पलीकडच्या कठड्यावर बसलेली. भैयानं मैलापूरला व्हिडिओ कॉल लावून मोबाईल वर धरला. पडद्यावर मामा आणि त्याच्या खांद्यामागे मामी, दोघंही नेसून-सवरून बसलेली.

मी चढले. कडेला पोचल्यावर तोल सावरायला तुळई धरली तर बोट पेरापर्यंत आत गेलं. लाकूड ओल्या पावासारखं झालं होतं.

"काय दिसतें?" मामाचा आवाज खालून आला.

"पूर्ण कुजलंय. हातानं निघतंय."

"किती आंतपर्यंत?"

"बोटभर. जास्तच."

"अय्यो," मामा म्हणाला. "तिथें उभी राहूं नकोस. पाटी घे नि उतर."

पाटी वाटली त्यापेक्षा जड होती. गावातल्या मिस्त्रीनं खालून सांगितलं तशी ती मी आधी वर उचलली, मग ओढली. छातीशी धरून एकेक पायरी उतरले आणि कारदाराच्या हातात दिली. त्यानं ती देवासमोर ठेवली आणि मोबाईलकडे वळला. आता साहेबांनी म्हणायचं.

 मामानं हात जोडले आणि हिंदीत म्हणाला की माझा शब्द पुरा झाला, माझा हात काढून घेतला, आता तुमचं तुम्ही बांधा. शेवटचं वाक्य त्यानं मराठीत पुन्हा म्हटलं, देवाला कळावं म्हणून की स्वतःला, ते मी विचारलं नाही.

कारदारानं मान हलवली. कठड्यावर बसलेली माणसं उठली. कुणी ताडपत्री ओढून नव्या तुळईवरून काढली, कुणी दोर घेतला, आणि इतके महिने ज्यांना हात लावता येत नव्हता ते पाच-सहा जण शिडीवरून भराभर छपरावर चढले. मला कुणीतरी बाजूला व्हायला सांगितलं. पाट्या खाली येऊ लागल्या.